आतड्याचे दुखणे आणि बोलण्याचा संकोच



स्मृतिव्याख्यानासाठी वक्त्याने इतिहास, संतवाङ्मय किंवा राजकारण यांपैकी एखादा भारदस्त विषय निवडावा अशी आपल्याकडे प्रथा आहे, आणि या मुळशी तालुक्यात तर त्यासाठी वणवण करण्याचेही कारण नाही. कारण १९२१ च्या रामनवमीला, मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ बांधल्या जाणाऱ्या धरणाखाली आपली शेते जाऊ नयेत म्हणून येथील मावळ्यांनी जो सत्याग्रह आरंभिला, त्या एकाच प्रकरणाच्या कथनाला कित्येक संध्याकाळी अपुऱ्या पडतील. तरीही व्याख्यानमालेच्या चालकांच्या अनुमतीने मी आज माणसाच्या मोठ्या आतड्याविषयी, त्यातून पडणाऱ्या रक्ताविषयी आणि त्या रक्ताबद्दल आपण सारे पाळीत आलेल्या मौनाविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कोणाच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यांना मी एवढेच स्मरण देईन की, मुळशीच्या सत्याग्रहाचे जे सेनापती त्या पांडुरंग महादेव बापटांनी पारनेरच्या गल्ल्या स्वतः हाती झाडू घेऊन झाडल्या. आणि १९१८ साली गांधीजींना आमांशाने मृत्यूच्या दारापर्यंत नेले, तेव्हा चोवीस तासांत आपल्याला तीस-चाळीस वेळा शौचास जावे लागले, ही हकीकत त्यांनी आत्मचरित्रात आडपडदा न ठेवता नमूद करून ठेवली. जे लिहिताना त्या महापुरुषाला लाज वाटली नाही, ते डॉक्टरासमोर एकांतात बोलताना आपली जीभ का अडखळावी?

ज्या व्याधीविषयी मला बोलावयाचे आहे तिला वैद्यकात अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, आणि रुग्णांच्या तोंडी ती नुसती 'कोलायटिस' म्हणून रुळली आहे. आपले मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. उजव्या कुशीत सुरू होऊन, पोटावर कमान टाकून, डाव्या कुशीतून खाली उतरून ते गुदद्वारापाशी संपते, आणि अन्नाच्या उरलेल्या पातळ रसातील पाणी शोषून घेऊन मल बांधणे व योग्य वेळेपर्यंत तो धरून ठेवणे, हे त्याचे मुख्य काम असते. या आतड्याला आतून जे कोमल अस्तर आहे, त्यालाच या व्याधीत दाह सुटतो, ते लाल होते, सुजते, त्यावर बारीक व्रण पडतात आणि ते व्रण पाझरतात. हा दाह बहुधा मलाशयापासून, म्हणजे अगदी शेवटच्या टोकापासून सुरू होतो आणि मध्ये निरोगी जागा न सोडता सलग वर चढत जातो. कोणात तो मलाशयापुरताच राहतो, कोणात डाव्या बाजूपर्यंत जातो, तर कोणात सारे मोठे आतडे व्यापतो. क्रोन नावाची याच कुळातील दुसरी व्याधी आहे, ती तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, मध्ये मध्ये जागा सोडून, आणि आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत उतरते. हा भेद उपचारांच्या दृष्टीने मोठा आहे, पण आज त्याच्या खोलात मी जात नाही.

आता या व्याधीची कैफियत रुग्णाच्या बाजूने ऐकू. शौचातून रक्त पडू लागते. कधी मलात मिसळलेले, कधी नुसतेच, आणि रक्ताबरोबर चिकट आव पडते. दिवसातून एकदा जाणारा माणूस चार वेळा, सहा वेळा, दहा वेळा जाऊ लागतो. बांध खचलेले खाचर जसे पाणी धरीत नाही, तसे सुजलेले मलाशय थोडासा मलही धरीत नाही. म्हणून कळ आली की तत्क्षणीच गेले पाहिजे, दोन मिनिटांचीही मुदत मिळत नाही, आणि बसल्यावर मात्र थोडे रक्त, थोडी आव यांखेरीज काही पडत नाही. पोट साफ झाले असे वाटतच नाही. मुरडा येतो, माणूस कुंथत राहतो, उठतो, पुन्हा परततो. रात्री गाढ झोपेतून उठून जावे लागते, आणि या एका लक्षणाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. कारण काळजीने किंवा सवयीने बिघडणारे पोट सहसा माणसाला झोपू देते, पण अस्तराला सुटलेला दाह रात्र आणि दिवस ओळखत नाही.

याहून जी लक्षणे दूरची, ती अधिक फसवी. रोज थोडे थोडे रक्त गेल्याने चेहरा पांढुरका होतो, जिना चढताना धाप लागते, वजन उतरते, आणि घरचे लोक म्हणतात की पोरगी खात नाही म्हणून वाळली. गुडघे आणि घोटे सुजतात. डोळे लाल होऊन दुखतात. नडगीवर लालसर, हात लावला तर ठणकणाऱ्या गाठी उठतात. क्वचित यकृतातील पित्तवाहिन्यांनाही दाह लागतो. गुडघा, डोळा आणि आतडे यांचा परस्परसंबंध सामान्य माणसाने कसा जोडावा? तो गुडघ्यासाठी एकाकडे जातो, डोळ्यासाठी दुसऱ्याकडे, आणि रक्ताबद्दल कोणाकडेच जात नाही. येथे भातशेती करणाऱ्या तालुक्याला विशेष सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. लावणीच्या दिवसांत कंबर आणि गुडघे मोडून येतात व दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेण्याचा सर्रास परिपाठ आहे. परंतु या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्या कोलायटिसच्या रुग्णात शमलेला दाह पुन्हा चेतवू शकतात. तेव्हा ज्याला ही व्याधी आहे, त्याने सांधेदुखीची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

पण बंधुभगिनींनो, रक्त आणि आव म्हटल्यावर आपल्या मनात प्रथम काय येते? आव पडली, मुरडा झाला, पावसाळ्याचे पाणी बाधले. सह्याद्रीच्या या पर्जन्यप्रदेशात आमांश हा घराघरातील जुना परिचित आहे. ओढ्याचे, झऱ्याचे, विहिरीचे गढूळ पाणी पिणाऱ्या पिढ्यांनी तो भोगला आणि त्यावर आपले उपायही शोधले. उन्हाळ्याच्या अखेरीस ज्याला पांढरी फुले येतात त्या कुड्याची साल आजीबाईच्या बटव्यात आवेवरील औषध म्हणून असे, आणि वैद्यांचे कुटजारिष्ट त्याच झाडाचे. हा केवळ समज नव्हे. कुड्याच्या सालीतील द्रव्ये अमीबा या सूक्ष्म जीवावर खरोखरच परिणाम करतात, आणि पाश्चात्त्य वैद्यकानेही एके काळी ती 'कुर्ची' या नावाने औषधसंग्रहात घेतली होती. पुढे १९१२ मध्ये कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यांनी अमीबाजन्य आमांशावर एमेटीनची सुई यशस्वी करून दाखविली, आणि आज त्या जागी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आल्या आहेत, ज्यांची नावे खेडोपाडी लहान मुलांनाही पाठ असतात.

आपल्या तालुक्यातील प्रश्नाचे मर्म मला येथेच दिसते. ज्या समाजाला जुना शत्रू इतका चांगला ठाऊक आहे, त्याला त्याच वेषात आलेला नवा शत्रू ओळखू येत नाही. रक्त तेच, आव तीच, मुरडा तोच; कारण मात्र सर्वस्वी वेगळे. समजा, एखाद्या तरुणाला रक्त पडू लागले. त्याने पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या आणि रक्त थांबले. वास्तविक कोलायटिस ही चढउताराची व्याधी असल्याने कधी कधी ती आपली आपणच ओसरते. पण श्रेय गोळ्यांना मिळाले. महिन्याने रक्त पुन्हा आले, गोळ्या पुन्हा आल्या. तिसऱ्या वेळी कोणी म्हणाले, ही मूळव्याध आहे. मग तिचे चूर्ण, तिचे मलम, रस्त्यावरच्या फलकावर हमी लिहिणाऱ्याकडे एक खेप. असे वर्ष उलटते, दोन उलटतात, आणि दाह या काळात मलाशयातून वर चढत गेलेला असतो.

उलट बाजूचा प्रमाद तर याहून घातक आहे. कोलायटिसवर दाह शमविणारे स्टिरॉइड हे प्रभावी औषध आहे. परंतु रोगी वस्तुतः अमीबाने आजारी असेल आणि तपासावाचून त्याला स्टिरॉइड दिले, तर शरीराची प्रतिकारशक्ती दबते, अमीबाला मोकळे रान मिळते, आणि आतडे फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून आपल्या देशात, जेथे दोन्ही व्याधी नांदतात, तेथे औषधाआधी तपास हा क्रम मोडून चालणार नाही. प्रथम मलाची तपासणी, त्यात जंतू व अमीबा यांचा शोध. मग गुदद्वारातून दुर्बीण घालून अस्तराचे प्रत्यक्ष दर्शन. आणि त्या अस्तराचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण. मलातील कॅल्प्रोटेक्टिन नावाचे प्रथिन मोजूनही आतड्यात दाह आहे की नाही याचा अंदाज येतो. दुर्बिणीची भीती बहुतेकांना वाटते. परंतु ही तपासणी गुंगीचे औषध देऊन करता येते, आणि तिच्यापेक्षा तिच्या आदल्या रात्री आतडे धुण्यासाठी प्यावे लागणारे औषधच रुग्णांना अधिक त्रासदायक वाटते.

चुकीच्या निदानाने माणसे केवळ आजारी राहतात असे नाही. १८५९ साली इंग्लंडात इझाबेला बँक्स नावाची एक स्त्री अनेक दिवस वांत्या आणि जुलाब होऊन मरण पावली, तिच्याशी लग्न लावलेल्या डॉक्टर थॉमस स्मेथर्स्ट याने तिला विष घातले असा आरोप आला, आणि न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षाही फर्माविली. त्या स्त्रीच्या आतड्यांचे परीक्षण लंडनच्या गाइज रुग्णालयातील सॅम्युअल विल्क्स यांनी केले व त्यांतील दाहाचे आणि व्रणांचे वर्णन लिहिले. विषाचा पुरावा टिकला नाही आणि अखेरीस स्मेथर्स्टला त्या आरोपातून माफी मिळाली. पुढील काळातील काही तज्ज्ञांच्या मते तिची व्याधी क्रोनच्या जातीची असावी, परंतु कोलायटिसच्या वैद्यकीय दफ्तरातील पहिली नोंद म्हणून विल्क्स यांच्याच लेखाकडे बोट दाखविले जाते. आतड्याचा दाह ओळखता न आल्याने एक मनुष्य वधस्तंभाच्या छायेत उभा राहिला होता, हे मला विलक्षण वाटते.

कारण कोणते, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि त्यामागे बहुधा दुसराच प्रश्न दडलेला असतो: माझे काय चुकले? त्याचे उत्तर मी स्पष्ट देतो. तुमचे काही चुकलेले नाही. ही व्याधी तिखट खाल्ल्याने होत नाही, पूर्वसंचिताने होत नाही, आणि ताटात ताट घालून जेवल्याने एकाची दुसऱ्याला लागत नाही. शरीराच्या रक्षणासाठी असलेली प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यातील अस्तरावर आणि तेथे सुखाने नांदणाऱ्या जंतूंवर उलटते. त्याला काही अंशी आनुवंशिकता कारण आहे, काही अंशी बदललेले राहणीमान. मानसिक ताणाने दाह भडकू शकतो, परंतु ताण म्हणजे व्याधीचे मूळ नव्हे. आणि 'फार विचार करू नकोस, बरी होशील' हे आपल्या घरांतून सुनांना दिले जाणारे औषध कोणाच्या व्रणाला लागू पडल्याचे मी पाहिलेले नाही.

राहणीमानाचा उल्लेख केला, त्यावर थोडे थांबले पाहिजे. प्रथम युरोप व अमेरिकेत, मग जपानात, आणि आता आपल्याकडे, जसजशी कारखान्यांची व शहरांची वस्ती वाढली तसतशी ही व्याधी वाढलेली दिसते. भारतात ती नाहीच, असे एके काळी समजले जाई. पंजाबात लुधियानाच्या परिसरात घरोघर जाऊन ५१,९१० माणसांची पाहणी करण्यात आली आणि तिचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात २३ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे सुमारे ४४. पंजाबचा हिशेब मुळशीला जसाच्या तसा लागू पडेल असे मी म्हणत नाही. पण लाखावर वस्तीच्या या तालुक्यात असे रुग्ण मोजकेही नसतील, असे कोणी म्हणू शकेल काय? आणि तालुका तरी किती विविध! एका टोकाला ताम्हिणीच्या पावसातील खाचरे, दुसऱ्या टोकाला हिंजवडीतील काचेच्या इमारती, मध्ये पिरंगुटचे कारखाने. व्याधी बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात प्रथम डोके वर काढते, म्हणजे शिक्षण, नोकरी, विवाह यांच्या ऐन वेळी. हिंजवडीस निघालेला तरुण वाहनांच्या रांगेत अडकला असता त्याला कळ आली, तर त्याने कोठे जावे? लावणीत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाईने कोणत्या आडोशाला जावे? एस. टी. च्या प्रवासात, परीक्षेच्या दालनात, लग्नाच्या मांडवात हा रुग्ण प्रथम शौचालय कोठे आहे ते पाहून ठेवतो. आणि ते नसेल तर कारण न सांगता जाणेच टाळतो. लोक त्याला माणूसघाणा म्हणतात. अशा अनेकांना मी ओळखतो, आणि त्यांच्याविषयी हा शब्द कोणी उच्चारला की मला मनस्वी क्लेश होतात.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुण वयापासून हीच व्याधी होती. २००७ साली वर्षभरातच त्यांना पद सोडावे लागले; नवीन औषधाने प्रकृती सावरल्यावर २०१२ च्या अखेरीस ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि त्या देशाच्या इतिहासात सर्वांत दीर्घकाळ त्या पदावर राहिले; व्याधी उलटल्यामुळे २०२० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनाम्याची घोषणा केली, तेव्हा आपल्या आतड्याचे दुखणे त्यांनी साऱ्या जगासमोर नाव घेऊन सांगितले. या एका चरित्रात व्याधीचा सारा स्वभाव आला आहे: ती माणसाला पाडते, औषधाने उठू देते, वर्षानुवर्षे मोठी कामे करू देते, आणि संपूर्ण निघून मात्र जात नाही.

औषधांची हकीकत मी थोडक्यात आटोपतो. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या विदुषीने सांधेदुखीसाठी सिद्ध केलेले सल्फासॅलॅझीन कोलायटिसलाही गुणकारी ठरले, ही १९४० च्या सुमाराची गोष्ट. १९५५ साली ऑक्सफर्डच्या सिडनी ट्रुलव्ह व लेस्ली विट्स यांनी २१० रुग्णांवर पद्धतशीर प्रयोग करून कॉर्टिझोनचा, म्हणजे स्टिरॉइडचा, उपयोग सिद्ध केला. तीव्र झटका कोणता हे ठरविण्याची त्यांची कसोटी आजही चालते, आणि ती आपणही लक्षात ठेवण्यासारखी आहे: दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताची शौच, आणि त्याबरोबर शंभर अंशांवर ताप, किंवा नव्वदीपुढे नाडी, किंवा रक्तातील हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली. असे असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि त्यात पोट फुगून टणक झाले तर क्षणाचाही विलंब नको. १९७७ मध्ये त्याच ट्रुलव्ह यांच्याकडे काम करणारे आझाद खान, जे पुढे बांगलादेशातील नामवंत चिकित्सक झाले, त्यांनी सल्फासॅलॅझीनचा कोणता घटक खरे काम करतो हे दाखवून दिले, आणि आजचे मेसालॅझीन त्यातूनच आले. आता त्यापुढची, प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी जैविक औषधेही आहेत. ती महाग आहेत, आणि ही गोष्ट लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

परंतु स्वस्त औषधही पोटात गेले तरच काम करते. रक्त थांबले की गोळ्या थांबतात, हा आपल्याकडील सार्वत्रिक अनुभव आहे. बरे वाटते आहे, मग औषध कशाला? बरे वाटते आहे ते औषधामुळे, म्हणून. मेसालॅझीनसारखी गोळी बरे असताना घ्यावयाची असते, वर्षानुवर्षे घ्यावयाची असते. स्टिरॉइडचे मात्र नेमके उलट, ते झटक्यापुरते घेऊन डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवावयाचे असते, मनाने चालू ठेवावयाचे नसते आणि एकाएकी तोडावयाचेही नसते. गरोदरपणी घरची मंडळी सुनेच्या साऱ्या गोळ्या बंद करतात. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, मेसालॅझीनसारखी बरीचशी औषधे त्या काळातही चालू ठेवता येतात, आणि बाळाला अधिक धोका भडकलेल्या दाहाचा असतो. कोणती गोळी ठेवावी, कोणती बदलावी, हे डॉक्टरांनी ठरवावे, सासूबाईंनी नव्हे. आहाराविषयी इतकेच की, झटक्याच्या दिवसांत चोथ्याचे पदार्थ कमी करून मऊ भात, पातळ वरण असे घ्यावे. एरव्ही आपले चौरस जेवण सोडण्याचे कारण नाही, आणि ज्याला दूध सोसते त्याने ते केवळ भीतीने टाकू नये. रक्त गेलेल्या माणसाचे अन्न तोडणे हा त्याच्यावर दुहेरी अन्याय आहे.

काहींना शस्त्रक्रियेचा मार्ग पत्करावा लागतो. सारे मोठे आतडे काढून टाकले की आतड्यातील ही व्याधी तेथेच संपते. मग लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून तेथे पिशवी लावतात, किंवा १९७८ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स व जॉन निकोल्स यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने लहान आतड्याचीच थैली करून ती गुदद्वाराशी जोडतात. पोटावर पिशवी लावलेली माणसे नोकरी करतात, संसार करतात, वारीला जातात. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांना साह्य करणारी संस्थाच आहे. आणि ज्यांचे आतडे शाबूत आहे व दाह बराच वर पसरलेला आहे, त्यांनी व्याधी सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी, काही त्रास नसला तरी, पुन्हा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने ती चालू ठेवावी. कारण दीर्घकाळ दाह सोसलेल्या अस्तरात कर्करोगाचा संभव वाढतो, आणि वेळेवर दिसला तर त्यावर उपाय असतो.

शेवटी एक तजवीज सुचवितो, आणि तिला पैसा लागत नाही. गावोगावच्या आशा सेविका घरी येतात तेव्हा ताप, खोकला, गरोदरपण यांची चौकशी करतात. त्यांनी तरुण मुलामुलींना व सुनांना, एकट्यात, आणखी तीन प्रश्न विचारावेत: शौचातून रक्त पडते का? रात्री झोपेतून उठून जावे लागते का? हे तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ चालले आहे का? रक्त कितीही दिवसांचे असले तरी डॉक्टरांना दाखवावेच. पण तिन्हींचे उत्तर होय असेल, तर त्या माणसाला नुसत्या गोळ्या न देता पौडच्या ग्रामीण रुग्णालयात आणावे, तेथे मलतपासणी व्हावी, आणि दुर्बिणीसाठी पुण्यास ससूनला पाठवावयाचे झाल्यास चिठ्ठीवर किती दिवस रक्त पडते आहे आणि कोणत्या गोळ्या किती वेळा घेऊन झाल्या, हे स्वच्छ अक्षरात लिहिलेले असावे. येथे तालुक्यातील डॉक्टर मंडळी बसली आहेत, आशाताई बसल्या आहेत, सरपंच बसले आहेत. सभा संपल्यावर आपण खाली थांबून हे प्रश्न कोणत्या गावापासून विचारावयास लागावयाचे ते ठरवू या.